वाचक विचारतात : घरी जोडलेल्या संगणकाला कोणती ग्राफिक्स चिप, कोणता कंपायलर?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये घरी जोडलेल्या आठ बिटी संगणकांची पत्रं सर्वांत जास्त होती. त्यातली पाच निवडली आहेत. कंपायलर म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर.

प्रश्न : ७.३७२८ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८० प्रोसेसरचा बोर्ड तयार आहे, सीरियल पोर्टवर अक्षरं येतात. आता टीव्ही जोडायचा आहे. ग्राफिक्स चिप म्हणून टीएमएस९९१८ए घेऊ, व्ही९९५८ घेऊ, की पिकोवर चालणारी नवी चिप? आणि सी भाषेसाठी एसडीसीसी बरा की झेड८८डीके?
– आयटीआयचा विद्यार्थी, सातपूर

उत्तर : दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण ते एकत्रच सोडवायला हवेत. जुन्या ग्राफिक्स चिपला दोन बाइटांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळतो की नाही हे कंपायलर कसा कोड काढतो यावर ठरतं. तिसऱ्या पत्रात याचा हिशेब मांडला आहे, तो जरूर वाचा.

व्ही९९५८ सध्या बाजूला ठेवा. चिप उत्तम आहे, ८० अक्षरांची ओळ देते, १२८ केबीपर्यंत व्हीरॅम (चित्राची मेमरी) घेते. पण तिच्या ६४ पायांमधलं अंतर १.७७८ मिलिमीटर आहे, म्हणजे ब्रेडबोर्डवर किंवा साध्या छिद्रांच्या पाटीवर ती बसतच नाही. शिवाय तिचं आरजीबी १५ किलोहर्ट्झचं, आणि संगणकाचे मॉनिटर सहसा ३१च्या खाली उतरत नाहीत. पहिल्याच बोर्डावर ही दोन दुखणी कशाला ओढवून घ्यायची?

टीएमएस९९१८ए ४० पायांची, साध्या सॉकेटात बसणारी. २५६ × १९२ ठिपके, १५ रंग, ३२ स्प्राइट (पडद्यावर सुटी सरकवता येणारी छोटी चित्रं), मात्र एका आडव्या रेषेवर चारच. तिला १६ केबी व्हीरॅम लागते. मूळ रचनेत त्यासाठी ४११६ या जुन्या रॅमच्या आठ चिपा असत. त्यांना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि −५ सर्वांत आधी चढवून सर्वांत शेवटी उतरवावं लागतं. हा ताप घेऊ नका. ६२२५६ ही एकच स्टॅटिक रॅम, तीन ७४एचसी५७४ आणि एक ७४एचसी०४ एवढ्यात काम होतं. एक ५७४ रो पत्ता धरून ठेवते, दुसरी कॉलम पत्ता, तिसरी लिहायचा बाइट. रॅमच्या ३२ केबीपैकी निम्मी रिकामी राहते, राहू द्या.

क्रिस्टल १०.७३८६३५ मेगाहर्ट्झचाच हवा. त्याला तीनने भागून एनटीएससीची (अमेरिकी टीव्ही पद्धतीची) ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची रंगवाहक लहर तयार होते. दुकानदाराने ‘जवळचाच आहे’ म्हणून १०.७ दिला तर चित्र येईल, रंग जातील.

पिको९९१८ ही रास्पबेरी पाय पिकोवर बेतलेली पाटी त्याच ४० पायांच्या सॉकेटात बसते आणि थेट व्हीजीए देते. व्हीरॅम, क्रिस्टल, व्हिडिओ बफर, काहीच वेगळं लागत नाही. घरात जुना व्हीजीए मॉनिटर पडून असेल तर आमचं मत सरळ तिच्या बाजूने आहे. खऱ्या चिपचा हट्ट असेल तर दोन मागवा. परदेशातून येणाऱ्या जुन्या चिपांमध्ये वरचा छाप घासून नवा मारलेल्या बऱ्याच निघतात.

सॉकेट, रझिस्टर, ७४ मालिकेतल्या साध्या चिपा नाशकात मिळून जातात. बाकीची यादी मोठी झाली की सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरा, तिथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. यादीत एक जादा झेड८० लिहून ठेवा, कारण झायलॉगने झेड८४सी०० मालिकेच्या ऑर्डर २०२४ मध्ये बंद केल्या.

कंपायलर : बोर्ड आरसी२०१४ या तयार झेड८० किटशी जुळता असेल तर झेड८८डीके. सुरुवातीचा कोड आणि लायब्ररी आयती मिळते. पत्त्यांची रचना तुमची स्वतःची असेल तर एसडीसीसी आणि स्वतः लिहिलेली सीआरटी० फाइल (मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणारा कोड). ही फाइल लिंकरला पहिली द्यायची. तिच्यात स्टॅक पॉइंटर लावणं आणि ग्लोबल व्हेरिएबलांच्या सुरुवातीच्या किमती रॉममधून रॅममध्ये उतरवणं ही दोन कामं असलीच पाहिजेत. दुसरं राहिलं तर प्रोग्राम चालतो, पण ‘int x = 5’ लिहिलेल्या जागी कचरा वाचला जातो आणि माणूस दोन दिवस वायरी तपासत बसतो. ग्राफिक्सला पोर्ट ९८ आणि ९९ (हेक्स) द्या. एमएसएक्स या जुन्या घरगुती संगणकांचेही हेच असल्यामुळे जुना कोड कमी बदल करून चालतो.

प्रश्न : ९९१८ए, रॅम, सगळं जोडलं. टीव्ही काळाच. सुरुवात कुठून करू?
– वाचक, कॉलेज रोड

उत्तर : प्रोग्राम बाजूला ठेवा. आधी पिन ३८ वर ३.५८ मेगाहर्ट्झ आणि पिन ३७ वर सुमारे ४४७ किलोहर्ट्झ आहे का ते ऑसिलोस्कोपवर पाहा. नसेल तर क्रिस्टल, ५ व्होल्ट (पिन ३३) किंवा चिपच गेलेली आहे.

असेल तर रॉममध्ये एवढेच दहा बाइट भरा (हेक्स) :

३ई ०४ डी३ ९९ ३ई ८७ डी३ ९९ १८ एफई

म्हणजे पोर्ट ९९ वर आधी ०४, मग ८७ पाठवा आणि तिथेच फिरत राहा. अर्थ : रजिस्टर ७ मध्ये ४ लिही. ४ हा गडद निळा. रीसेटनंतर चित्र बंद असतं आणि पडदाभर फक्त पार्श्वभूमीचा रंग दिसतो, त्यामुळे या चाचणीला व्हीरॅमची गरजच नाही. पडदा निळा झाला की प्रोसेसर, पत्ता ओळखणारं सर्किट आणि व्हिडिओ तिन्ही ठीक, उरला दोष रॅमकडे.

काळाच राहिला तर पिन १६ (इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा सिग्नल) मोजा. ती खाली जाऊन खालीच राहिली असेल तर सहसा डेटा बस उलटी लागलेली असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने या चिपमध्ये बिटांचे आकडे उलटे दिले आहेत : सीडी० हा सर्वांत मोठा बिट, सीडी७ सर्वांत लहान. नावं पाहून डी० ला सीडी० जोडलं की ८७ चं ई१ होतं आणि ०४ चं २०. चिप ते ‘रजिस्टर १ मध्ये २०’ असं वाचते, म्हणजे इंटरप्ट चालू, चित्र बंद. तुमचा डी७ पिन २४ ला आणि डी० पिन १७ ला गेला पाहिजे.

पिन ३६ (व्हिडिओ) वरून ग्राउंडला ४७० ओम, मग एनपीएन ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर, मग ७५ ओम आणि टीव्हीची पिवळी पिन. चित्र आलं पण काळंपांढरं असेल तर टीव्हीच्या मेनूत एनटीएससी निवडून पाहा. तरीही तसंच राहिलं तर चिपवर ९९१८ लिहिलेलं असलं तरी आत ९९२८ए किंवा ९९२९ए असण्याची शक्यता आहे. त्यांच्या पिन ३६ वर फक्त उजेडाचा सिग्नल असतो, रंग वेगळ्या पिनांवर. आणि कंपोझिटचं एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डब्या या चिपच्या २६२ ओळींच्या सिग्नलला कधी कधी दाद देत नाहीत, म्हणून पहिली चाचणी थेट टीव्हीवरच करा.

प्रश्न : झेड८०, ७.३७२८ मेगाहर्ट्झ, ९९१८ए. एसडीसीसी ३ वरून ४.२ वर गेलो. असेंब्लीतली जुनी फंक्शनं भलतंच छापतात, आणि ग्राफिक्स मोडमध्ये मधली मधली अक्षरं गळतात. कंपायलर बिघडलाय का?
– वाचक, नाशिक रोड

उत्तर : कंपायलर ठीक आहे. ही दोन वेगळी दुखणी एकदम उठली आहेत.

पहिलं : ४.२ पासून झेड८०साठी फंक्शनला किमती देण्याची पद्धत बदलली. आधी सगळं स्टॅकवरून यायचं. आता पहिली आठ बिटी किंमत ए रजिस्टरमध्ये, सोळा बिटी असेल तर एचएल मध्ये येते. सोळा बिटी उत्तरही आता डीई मधून परत जातं. तुमची जुनी असेंब्ली स्टॅक उपसत बसली आहे. त्या फंक्शनांच्या घोषणेपुढे __एसडीसीसीकॉल(०) लिहा, नाहीतर सगळा प्रकल्पच ‘--एसडीसीसीकॉल ०’ देऊन बांधा.

दुसरं मजेशीर आहे. ग्राफिक्स मोडमध्ये चित्र चालू असताना ९९१८ए ला एक बाइट व्हीरॅममध्ये ठेवायला जास्तीत जास्त ८ मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या क्लॉकवर ते ५९ टी (क्लॉकचे ठोके) होतात. आता कंपायलरने काढलेली .एलएसटी फाइल उघडा आणि लिहिणाऱ्या लूपचे टी मोजा. साधारण असं दिसेल : एचएल वरून वाचणं ७, एचएल वाढवणं ६, आउट ११, बीसी कमी करणं ६, बी घेणं ४, सी शी ऑर ४, मागे उडी १२. एकूण ५०, म्हणजे ६.८ मायक्रोसेकंद. जुन्या कंपायलरचा कोड ढिला होता म्हणून वेळ आपोआप मिळत होता. नव्याने कोड घट्ट केला आणि तुम्ही त्या ८ मायक्रोसेकंदांच्या खाली घसरलात. ८ हा सर्वांत वाईट आकडा असल्यामुळे प्रत्येक बाइट गळत नाही, अधूनमधून एखादा गळतो. हाच लूप ४ मेगाहर्ट्झवर १२.५ मायक्रोसेकंद घेतो, म्हणून मित्राच्या बोर्डावर तोच कोड बिनबोभाट चालतो.

उपाय दोन. लूपमध्ये तीन नॉप (काहीच न करणाऱ्या, ४ टीच्या सूचना) टाका : ६२ टी, ८.४ मायक्रोसेकंद, झालं. किंवा चित्राच्या दोन फेऱ्यांमधल्या रिकाम्या वेळात लिहा. तेव्हा २ मायक्रोसेकंद पुरतात, पण तो वेळ इंटरप्टपासून ४.३ मिलिसेकंदच असतो. ७६८ बाइटांचा पूर्ण पडदा वरच्या लूपने ५.२ मिलिसेकंद घेईल, मावणार नाही. ओटीआयआर (बाइटांचा गठ्ठा पोर्टवर पाठवणारी झेड८०ची सूचना) वापरलात तर बाइटला २१ टी, एकूण २.२ मिलिसेकंद, आरामात मावतो. त्याचा मोजणीचा रजिस्टर आठ बिटी, म्हणून २५६चे तीन हप्ते करा. टेक्स्ट मोडमध्ये मर्यादा ३.१ मायक्रोसेकंद आहे, तिथे ५० टीचा लूप आहे तसा चालेल.

आणखी एक गोष्ट तपासा. पत्ता दोन बाइटांत जातो. त्यांच्या मध्येच इंटरप्ट आला आणि त्याने स्टेटस वाचलं, तर चिप पहिला बाइट विसरते. ते दोन आउट __क्रिटिकल मध्ये गुंडाळा, म्हणजे तेवढ्यापुरता इंटरप्ट बंद राहतो. पिन १६ एनएमआय ला जोडली असेल तर हा उपाय चालणार नाही, कारण एनएमआय थांबवता येत नाही.

प्रश्न : डब्ल्यू६५सी०२एस प्रोसेसर, १ मेगाहर्ट्झ, सोबत ९९१८ए. कंपायलर सीसी६५ की एलएलव्हीएम-एमओएस?
– निवृत्त तंत्रज्ञ, देवळाली कॅम्प

उत्तर : सीसी६५ पासून सुरुवात करा. दशांश अपूर्णांक नाहीत, कोडही ढिला निघतो, पण लिंकरची कॉन्फिग फाइल वीसेक ओळींची असते आणि निघालेली असेंब्ली वाचता येते. लूपमध्ये unsigned char वापरा, ‘-ओआयआरएस’ द्या, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नसेल तर ‘--स्टॅटिक-लोकल्स’ द्या. प्रोग्राम मोठा होऊन रखडायला लागला की एलएलव्हीएम-एमओएस कडे वळा. तो अख्खा प्रोग्राम एकत्र पाहून कोड घट्ट करतो. १ मेगाहर्ट्झवर वेळेची चिंता नाही : हाताने लिहिलेला १४ सायकलचा लूपसुद्धा १४ मायक्रोसेकंद घेतो. पुढे ४ मेगाहर्ट्झवर गेलात की तो ३.५ होतो, तेव्हा वरचं उत्तर पुन्हा वाचा.

तुमचा खरा धोका वायरीत आहे. ९९१८ए चा ‘१’ २.४ व्होल्टपर्यंत खाली असू शकतो, आणि डब्ल्यू६५सी०२एस ५ व्होल्टवर ३.५च्या वरच ‘१’ मानतो. लिहिणं चालेल, वाचणं कधी बरोबर कधी चूक येईल. मध्ये ७४एचसीटी२४५ टाका, एचसी नको. लिहिण्याचा सिग्नल (पिन १४) फाय२ (प्रोसेसरचा क्लॉक) शी जोडूनच काढा, नाहीतर डेटा बसवर यायच्या आधीच चिप तो उचलते. पोर्टचा पत्ता कोडमध्ये स्थिर आणि volatile ठेवा. पॉइंटरमधून लिहिलंत आणि सॉकेटात जुना एनमॉस ६५०२ बसवलात, तर तो लिहिण्याआधी तीच जागा एकदा वाचतो. त्या वाचण्याने चिपचा पत्ता एकने पुढे सरकतो आणि पडद्यावर एकाआड एक अक्षर दिसतं.

प्रश्न : जुन्या पीसीतलं व्हीजीए कार्ड झेड८० ला जोडता येईल का?
– वाचक, ओझर

उत्तर : पीसीआयचं असेल तर नाद सोडा. आयसाचं (पीसीआयच्या आधीच्या जुन्या स्लॉटचं), आठ बिटी स्लॉटमध्ये चालणारं असेल तर विजेच्या दृष्टीने जमतं. पण कार्ड जागं करणारा कोड त्याच्याच रॉममध्ये एक्स८६ च्या भाषेत असतो, तो झेड८० ला कळत नाही. त्या चिपची सगळी रजिस्टरं तुम्हालाच एकेक करून भरावी लागतील. त्यासाठी त्याच चिपची डेटाशीट हातात असेल, तरच सोल्डरिंग गन तापवा.