रंगाचा डबा राहू द्या, आधी खुर्ची उलटी करा

एक जुनं लाकडी टेबल आणि दोन डुगडुगणाऱ्या खुर्च्या तुम्हाला जवळपास फुकटात मिळाल्यात, खर्चाला फारसे पैसे नाहीत, आणि विचारताय की कुठला रंग लावू. माझं उत्तर: सध्या कुठलाच नको. खुर्ची उलटी करून जमिनीवर ठेवा आणि एकेक पाय हलवून बघा. रंग सगळ्यात शेवटी, आणि तिथवर पोचेपर्यंत बऱ्याचदा त्याची गरजच उरत नाही.

त्याही आधी एक तपासणी, शक्यतो वस्तू घरात आणण्यापूर्वी. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून आठवडाभर तसंच ठेवा. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून आत आहे. नुसती जुनी भोकं असतील तर घाबरायचं कारण नाही. पण ठोकल्यावर लाकूड पोकळ वाजलं, मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवी. तशी वस्तू मी फुकट दिली तरी घेत नाही. गादीची बैठक असेल तर शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके आहेत का तेही बघा.

आता डुगडुग. खुर्ची बहुतेक वेळा मागच्या पायाला बैठकीची बाजूची पट्टी जिथे मिळते तिथे सैल होते, कारण आपण मागे रेललो की सगळा ताण तिथेच येतो. सुरुवातीला मी अशा जागी सरळ खिळा ठोकायचो. लाकूड चिरायचं आणि खिळा थोड्याच दिवसांत पुन्हा सैल. मग फटीत गोंद ओतायला लागलो. त्यातली एक खुर्ची पाहुण्यांना घेऊनच खाली बसली. सांधा उघडून पाहिला तेव्हा कारण कळलं: पट्टीच्या टोकावर जुन्या सरसाचा (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सुतारी गोंदाचा) पिवळट, काचेसारखा थर तसाच होता. पांढरा गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो. मध्ये हा थर असला की तो लाकडापर्यंत पोचतच नाही.

म्हणून सैल सांधा पूर्ण उघडायचा. आधी कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहा, नाहीतर सगळे तुकडे सारखेच दिसायला लागतात. खाली फडका धरून रबरी हातोड्याने हलके ठोके द्या. जे सांधे घट्ट आहेत त्यांना हात लावू नका. सरस गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मऊ होतो, मग जुन्या सुरीने खरवडा. सरसच काढायचा, लाकूड नाही. टोक बारीक झालं तर खाचेत खुळखुळेल. झालंच असेल तर रंध्याची पातळ साल गोंद लावून त्याभोवती गुंडाळा. लाकूड पुरतं वाळलं की गोंद टोकालाही लावा आणि खाचेच्या आतही.

गोंद वाळेपर्यंत सांधा दाबून धरायला शिकंज्यांवर (क्लॅम्पवर) पैसे घालवू नका. पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या, मध्ये काठी खुपसून पीळ द्या आणि काठी पट्टीला अडकवून ठेवा. दोरीखाली जाड कापड हवं, नाहीतर वळ उठतात. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसा, वाळला की त्या जागी पॉलिश धरत नाही. खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून चारही पाय टेकतात का बघा, आणि 24 तास तिच्यावर कुणाला बसू देऊ नका. घरातल्यांना सांगून ठेवा. मी सांगायला विसरलो होतो.

टेबल आधी सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून वाळवा. काळपट वाटणारं लाकूड कैकदा नुसतं मळलेलं असतं. मग खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट होऊन बोळ्याला रंग लागला तर ते लाखेचं पॉलिश. त्यावर नवा हात सहज बसतो, जुनं उतरवायची गरज नाही. पेल्याचं पांढरं वर्तुळ असेल तर ओल पॉलिशच्या थरात अडकलीय. लाखेच्या पॉलिशवर स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा न थांबता फिरवला की ते बहुधा जातं. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो, तो पुसून जाणार नाही.

घासायचंच असेल तर 120, मग 180, शेवटी 220 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. कडेला निरखून पाहा: वर पातळ पापुद्रा दिसला तर ते विनियर आहे, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मशीन तर लावूच नका. मी लावलं होतं, दोन मिनिटांत खालचा प्लाय दिसायला लागला. जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासून धूळ उडवू नका.

स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर गोंदात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या त्यात कोंबा (गूल काढून!), वाळल्यावर वरचं कापा आणि तोच स्क्रू फिरवा. खण अडकत असेल तर सरकपट्टीवर मेणबत्ती घासा.

एवढं करून लाकूड फिकंच वाटलं तर जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्या आणि उरलेलं तेल पुसून घ्या. तो फडका मात्र चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, घडीत उष्णता कोंडते आणि फडका आपोआप पेटू शकतो. बाहेर दोरीवर एकेरी पसरा, कडक होईपर्यंत.