‘मी तं नुसतं म्हटलं होतं जी’

“करणारा तो होता, मी फक्त बोललो. मग मी कसा अडकेन?” हा प्रश्न आमच्या समुपदेशन केंद्रात अनेक रूपांत येतो. भांडणात ‘हाण त्याले’ म्हणून ओरडलेला बाप विचारतो, अल्पवयीन भाचीच्या लग्नाला मांडव घालून देणारा मामाही विचारतो. इथे सांगतेय ते प्रकरण ब्रह्मपुरीकडच्या एका शेतकऱ्याचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकाजींना त्यांचा मुलगा घेऊन आला, कारण त्यांचं जेवण सुटलं होतं. त्यांच्या शेजारी शेत असलेल्या मित्राच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रानडुकरं धान लोळवायची. गावच्या ग्रुपवर त्या मित्राने रडगाणं गायलं, तेव्हा काकाजींनी आवाजी मेसेज टाकला, “अबे, लाव ना करंट, किती रात्री जागशीन!” मित्राने महावितरणच्या लाइनवर आकडा टाकला, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुंट्या ठोकून तार ओढली. पहाटे पाणी पाहायला निघालेल्या दुसऱ्या शेतकऱ्याचा पाय त्या तारेला लागला आणि तो जागीच गेला. मित्र अटकेत आहे.

“डुकरासाठी म्हटलं होतं जी, माणसासाठी थोडीच म्हटलं!” काकाजी पुन्हा पुन्हा हेच म्हणत होते.

हा बचाव अगदीच पोकळ नाही, पण त्यांना वाटतो तेवढा भक्कमही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ नुसार अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला फूस, तीन प्रकारे होते: चिथावणी देऊन, कटात सामील होऊन किंवा हेतुपुरस्सर मदत करून. तिन्हींपैकी एक पुरेसं. सांगितलं एक आणि घडलं दुसरंच, तर काय, हे कलम ५१ मध्ये आहे. जे घडलं ते त्या चिथावणीचा किंवा मदतीचा संभाव्य परिणाम असेल आणि त्याच भरात किंवा त्याच मदतीने घडलं असेल, तर फूस देणाराही जबाबदार. कायद्यातलंच उदाहरण आहे: घर जाळायला सांगितलं, जाळणाऱ्याने जाळता जाळता चोरीही केली. सांगणारा जाळण्यापुरता दोषी. चोरीचा दोष त्याच्याकडे नाही, कारण ती त्या सांगण्याचा संभाव्य परिणाम नव्हती.

मग रात्री ज्या धुऱ्यावरून लोक पाणी पाहायला जातात, तिथे जिवंत तार ओढली की माणूस चिकटणं हा संभाव्य परिणाम आहे की नाही? काकाजींनी मान खाली घातली. उत्तर त्यांना माहीत होतं.

तरी एका वाक्याने माणूस आपोआप आरोपी ठरत नाही. बोलणाऱ्याचा हेतू काय होता, आणि मित्राने ते ऐकून तार लावली की तो आधीपासूनच लावत होता, हे तपासलं जातं. रागात किंवा गमतीत निघालेला शब्द आणि खरोखर करायला लावणं यांत न्यायालयं फरक करतात. मला मेसेजपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटत होती.

“काकाजी, तार कोणाची होती?”

ते बराच वेळ दुपट्ट्याचं टोक पिळत बसले. “माहीच. वाडीच्या कुंपणातली उरली होती. राहिलेलं बंडल कोठ्यात आहे.”

“कशासाठी नेतो, हे सांगून नेली?”

“हो जी.”

इथे पारडं फिरतं. मित्राने वेलींच्या मांडवाला हवी म्हणून तार मागितली असती, तर ती निव्वळ शेजारधर्माची देवाणघेवाण राहिली असती. कशासाठी हे ठाऊक असताना दिली, तर तिला हेतुपुरस्सर मदत म्हणता येतं. शिवाय वीजचोरीचा गुन्हा वेगळाच, आणि विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १५० मध्ये फूस देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. तारेवर वाघ-बिबट मेला असता तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ५२ लागलं असतं. तिथेही फूस देणं म्हणजे स्वतः उल्लंघन करणंच.

मुलाने तोवर बेत करून ठेवला होता: बंडल कॅनॉलमध्ये टाकायचं, मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा. घरोघरी हीच पहिली अक्कल सुचते. मी कडक शब्दांत थांबवलं. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो मेसेज एव्हाना किती फोनवर पोचला असेल कोण जाणे. काकाजींना मेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोच्या पायाही पडायचं होतं. भावना खरी होती, पण मी म्हटलं, वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. फिर्यादी घरात जाणं उद्या दबाव म्हणून मांडलं जाऊ शकतं.

तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. काकाजी उत्पन्नाच्या दाखल्यावर पात्र ठरले. अटकपूर्व जामीन मागायचा का, जबाबात काय सांगायचं, हे वकिलाने ठरवलं. ते माझं काम नाही. माझं काम त्यांना जेवायला आणि झोपायला लावण्याचं.

बंडल वकिलामार्फत पोलिसांकडे गेलं, पंचनामा झाला. दोषारोपपत्रात काकाजींचं नाव आरोपी म्हणून येतं की साक्षीदार म्हणून, हे अजून कळायचं आहे. ते दोन वेळा जेवू लागलेत, झोप मात्र पहाटेच मोडते. मुलगा सोलरच्या झटका मशीनची (जीव न घेता जनावर हाकलणाऱ्या कुंपणाची) चौकशी करतोय, वनविभागाकडे पीकनुकसानीचा अर्जही दिलाय.