तपकिरी पाण्याचा डेमो, आणि मशीन बसल्यावर सुरू होणारा खरा त्रास

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. कोथरूडला आईबाबांकडे प्युरिफायरवाला आला, एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, दोन्हीत ते दांड्यांचं यंत्र बुडवलं, नळाचं पाणी गढूळ तपकिरी झालं, आई घाबरल्या, बाबांनी टोकन देऊन टाकलं आणि आता कॅन्सल करू का असं तुम्ही विचारताय. आमच्याकडे सासूबाईंसमोर अगदी हाच प्रकार झाला होता. मशीन अजून बसलं नसेल तर कॅन्सल करा, आजच, आणि फोनवर नको, मेलवर.

मी पाण्यातली तज्ज्ञ नाही, वाचून आणि भोगून जे कळलं ते लिहितेय. घरात कुणाला किडनीचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

त्या डेमोत पाण्यातली घाण दिसतच नाही. दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की तेच लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा तपकिरी गाळ होतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, आरओच्या (म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणाऱ्या मशीनच्या) पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून ती जवळजवळ वाहत नाही आणि पाणी स्वच्छ राहतं. म्हणजे आईंना जो रंग दिसला तो त्या माणसाने स्वतःच्या दांडीतून आणलेला होता! पुन्हा आला तर त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि मग यंत्र चालवायला लावा, तेही पाणी तसंच होईल. (तुम्ही स्वतः करू नका, ते यंत्र थेट घरच्या विजेवर चालतं.) वयस्कर माणसांना घरात येऊन असं घाबरवतात याची मला अजूनही चीड येते.

आता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा. तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो, बस. जंतू त्याला दिसत नाहीत. शिसं आणि आर्सेनिकची आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि मीटरचा सगळ्यात छोटा आकडाच १ मिलिग्रॅमचा, मग त्याला ते कळणार कसं? उलट कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेल्या चांगल्या पाण्याचा आकडा जास्त येतो आणि माणूस घाबरतो. त्याच मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो असं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी आमच्याकडे दीडशेच्या आतच दाखवतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा, कारण पाणी वाया जातं आणि गरजेचे क्षारही जातात. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर ड्रेनला सोडतं. उन्हाळ्यात पाणीकपात लागते त्या शहरात हे घरोघरी चाललंय!

आरओ वाईटच असं मी म्हणत नाही. सोसायटी बोअर किंवा टँकरवर असेल, पाणी खारट असेल, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांसारखं फ्लोराइड असेल तर आरओ हवाच. पण आधी लॅबमधून पाणी तपासून घ्या, एनएबीएलची मान्यता असलेली लॅब बघा, आणि विकायला आलेल्या माणसाच्या हातात नमुना देऊ नका. महापालिकेचं पाणी असेल तर गाळणी, कार्बन फिल्टर आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा एवढं माझ्या मते पुरतं, नाहीतर उकळा.

आणि पाण्यात 'मिनरल' राहतात म्हणून विकतात ते प्रकरण. बऱ्याच मशीनमध्ये एक छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो, त्यातून आरओ न झालेलं थोडं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतात, म्हणजे आकडा आणि चव जरा बरी वाटते. म्हणजे आधी पैसे घेऊन क्षार काढायचे आणि मग तेच पाणी मिसळून त्याचेही पैसे घ्यायचे. वर धोका असा की मूळ पाण्यात खरंच नायट्रेट किंवा शिसं असेल तर त्याच वाटेने तेही परत येतं. हा धोका ब्रोशरमध्ये सहसा नसतो. '९९.९९ टक्के जंतू मारतो' याच्याखाली तरी कुठला जंतू, फिल्टर नवा असताना की वर्षभर वापरल्यावर, हे कुठे लिहिलेलं असतं?

पण पोस्टमध्ये तुम्ही विचारलं नाहीये तेच मला जास्त सांगायचंय. आमचं खरं नुकसान मशीनने नाही केलं, सर्व्हिस सेंटरने केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाकीच्यांचे अनुभवही असेच ऐकलेत. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, भरलेली होती. मशीन खालून गळायला लागलं, तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कुणी आलंच नव्हतं! टोल फ्रीवर फोन केला तर म्हणे सिस्टीममध्ये क्लोज दिसतेय, नवीन टाका. नवीन टाकली, तीही तशीच बंद. लोकल ऑफिसला गेले तर काउंटरवरचा म्हणतो टोल फ्रीवरूनच घ्या, आमच्या हातात काही नाही, आणि टोल फ्रीवाली म्हणते लोकल ऑफिसशी बोला. शेवटी एक मुलगा आला, दारातच म्हणाला मॅडम आधी ओटीपी सांगा, नाहीतर मशीन उघडता येत नाही. हे साफ खोटं असतं. ओटीपी दिला की तक्रार बंद होते, पुढे त्याने काम केलं काय नि न केलं काय, त्यांच्या रेकॉर्डला झालेलंच दिसतं.

त्याने दिलेल्या जॉब शीटवर 'मेम्ब्रेन बदलली' वर टिक (मेम्ब्रेन म्हणजे आरओचा तो क्षार अडवणारा पडदा). पण आमच्या यांना, म्हणजे नवऱ्याला, सवय आहे, कुठलाही पार्ट बसवला की त्यावर मार्करने तारीख घालायची. तो गेल्यावर यांनी मेम्ब्रेनचं झाकण फिरवून काढलं तर आत आमच्याच तारखेची जुनी मेम्ब्रेन, निळी शाई थोडी पसरलेली पण आकडे स्वच्छ वाचता येत होते. त्याचा फोटो काढून ठेवला, तो नसता तर आमच्या बाजूने काहीच नव्हतं. दरम्यान एएमसीची मुदत संपली आणि तेच ऑफिस म्हणायला लागलं, आता रिन्यू करा मग बघतो. त्या मुलावर माझा राग नाही, दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर त्यांचे पैसे ठरतात असं तोच सांगत होता. राग आहे तो ही पद्धत बसवणाऱ्यांवर. दाखवायला टीडीएसचा आकडा घ्यायचा आणि मोजायला बंद तक्रारींचा, पाणी कसं आहे आणि मशीन चालतंय का हे कुणीच बघत नाही.

शेवटी काम झालं ते १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सगळे मेसेज, जॉब शीट, तो फोटो टाकला आणि त्यानंतर कंपनीच्या वरच्या माणसाचा स्वतःहून फोन आला. एएमसीचे पैसे परत मिळाले. मधल्या काळात बाहेरून बदलून घेतलेल्या मेम्ब्रेनचे मात्र शेवटपर्यंत नाही मिळाले. तिथे नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते एवढं लक्षात ठेवा. मी आयोगापर्यंत गेले नाही, त्यामुळे तिथे किती वेळ लागतो ते गेलेल्यांनीच सांगावं.

कॅन्सल नाहीच झालं, किंवा बाबांना मशीन हवंच असेल, तर आईंना एवढं पढवून ठेवा की पाणी वाहताना स्वतः बघितल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, कितीही घाई करू दे. काढलेले जुने पार्ट घरातच ठेवून घ्यायचे. एएमसी घेताना मेम्ब्रेन, पंप आणि यूव्हीचा दिवा त्यात आहे का हे लेखी घ्या, 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे सगळं धरून, असं नुसतं तोंडी बोलतात. आणि टोकनची पावती बघा, बऱ्याचदा ती कंपनीची नसते, डीलरच्या साध्या पॅडवर असते, तशी असेल तर कॅन्सलचा मेल डीलर आणि कंपनी दोघांनाही एकाच वेळी पाठवा, आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात का ते सेक्रेटरींना विचारून इथे कळवा, तसं असेल तर वर लिहिलेलं बरंच बदलेल.