टोमॅटोचा करपा ओळखताना आधी खालची पानं बघा

भाऊ, पानावर डाग दिसला की लगेच औषधाच्या दुकानात पळू नका. डाग कुठल्या पानावर आहे ते आधी बघा. लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरिया बुरशीचा, जमिनीलगतच्या जुन्या पानांवर सुरू होतो. तपकिरी डागात एकात एक गोल वलयं असतात, कापलेल्या ओंडक्यावर दिसतात तशी, आणि भोवती पिवळेपणा.

उशिरा येणारा करपा वेगळा, आणि मला धास्ती त्याचीच जास्त. थंड, ढगाळ, दमट हवेत पानावर पाणी मुरल्यासारखे काळपट चट्टे पडतात, वलयं नसतात. सकाळी दव असताना पान उलटून बघा; चट्ट्याच्या कडेला पांढरी लव दिसते. अशा हवेत आठवडाभरात प्लॉट जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी ताजं पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

वलयांचा करपा असेल तर रोगट पानं काढून प्लॉटबाहेर न्या. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला २ ते २.५ ग्रॅम घेऊन पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. ते पुढचा प्रसार रोखतं, पडलेले डाग बुजवत नाही. तुषार सिंचन बंद, पाणी ठिबकनेच द्या. पुढच्या हंगामात त्या रानात वांगी-बटाटा घेऊ नका.