ॲम्प की नवा हेडफोन? आधी कानाची तक्रार काय ते सांग

मित्रा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देऊन भागलं नसतं म्हणून आज निवांत बसून लिहितोय. साठवलेल्या पैशात हेडफोन ॲम्प (हेडफोनला जाणारा आवाज मोठा करणारा डबा) घेऊ का आहे तो हेडफोन काढून वरचा घेऊ, असं विचारलंयस. मेसेजमधे तीन ॲम्पची नावं आहेत, त्यांचे आकडे आहेत, कुठला बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या) आहे तेही आहे, पण आत्ता ऐकताना तुला नक्की खटकतंय काय, ते एका शब्दानं नाही. माझं घोडं तिथंच अडलंय.

कारण बघ, आवाज फुल्ल केला तरी पुरत नसेल तर तो ॲम्पचा प्रश्न. आवाज भरपूर आहे पण आवडत नाही, बेस नुसता घुमतोय, गाणाऱ्याचा प्रत्येक 'स' टोचतोय, तासाभरात डोकं जड होतंय, तर ॲम्प काही करू शकत नाही, ते हेडफोनचं काम. आणि गाणं बंद असताना पण सूंऽ असा आवाज येतोय, माऊस हलवला की चरचरतंय, तर लॅपटॉपच्या आतली गडबड जॅकमधून येतेय, तिथं यूएसबीला लागणारा बोटभर डाँगल (त्याच्या दुसऱ्या टोकाला हेडफोनचा जॅक असतो) बहुतेक वेळा काम करतो. यातलं काहीच नसेल आणि नुसती खाज असेल तर तसं सांग, हौसेला मोल नसतं, पण मग तिला 'साउंड क्वालिटी' असं नाव देऊ नको.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. तुझ्या वयात मी पण आधी ॲम्पच घेतला. पहिल्या रात्री तर वेडाच झालो, बेस घट्ट झाला, आवाज मोकळा झाला, मागचा तबला पुढे आला, सगळ्यांना फोन करून करून सांगितलं. महिनाभरानं मामेभाऊ आला, तो इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यानं काही न बोलता मल्टिमीटर काढला, १०० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या सुराचा, टोन लावला आणि मी रोज ऐकतो त्या व्हॉल्यूमला दोन्हीकडचे व्होल्ट मोजले. लॅपटॉपच्या जॅकवर ०.३०, ॲम्पवर ०.३८. म्हणजे ॲम्प माझ्याकडे २ डेसिबल जोरात वाजत होता, बास, एवढंच. एवढा फरक आपल्याला 'जोरात' असा कळतच नाही, तो 'चांगला' असा कळतो, आणि आवाज वाढला की बेस तर जास्तच भरलेला वाटतो, कारण हळू आवाजात आपला कान खालचे सूर कमी पकडतो. मग त्यानं ॲम्पच्या नॉबवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला, दोन्ही ०.३० वर आणले, मला पाठ करून बसवलं आणि मागून वायर बदलत राहिला. २० वेळा ओळखायचं होतं. माझे ११ बरोबर आले, आणि नाणं उडवलं असतं तरी १० आलेच असते. तो टेपचा तुकडा अजून त्या नॉबवर आहे, काढवत नाही.

याचं कारण काही गूढ नाहीये. बऱ्यापैकी बनवलेला ॲम्प २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत सगळे सूर जवळपास सारखेच मोठे करतो, फरक असला तर डेसिबलच्या दहाव्या हिश्शातला. हेडफोनचं तसं नाही. एका हेडफोनमधे ८ हजार हर्ट्झपाशी उंचवटा, दुसऱ्यात तिथंच खड्डा, एकात बेस ६ डेसिबल वर, दुसऱ्यात ५० हर्ट्झच्या खाली नुसती उतरंड. म्हणजे ज्याला आपण 'साउंड' म्हणतो तो जवळजवळ सगळा हेडफोन ठरवतो (आणि त्याच्याही आधी रेकॉर्डिंग, पण तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही). आवडीचा बेस हेडफोनमधेच नसेल तर त्याच्या मागे कितीही मोठा डबा ठेव, तो नसलेला बेस जोरात ऐकवेल.

आता ॲम्प खरंच कधी लागतो ते. लोक फक्त ओहम (हेडफोनचा विजेला होणारा विरोध, म्हणजे इंपीडन्स) बघतात आणि फसतात. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा, ऐकूनच माणूस घाबरतो, पण तो १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. ॲपलचा जो छोटा यूएसबी-सी डाँगल आहे तो १ व्होल्टच्या आसपास देतो (युरोपात विकतात तो त्याच्या निम्मा, आणि काही अँड्रॉइड फोनवर हाच डाँगल दबका वाजतो, ते वेगळं). रोजच्या ऐकण्याला एवढं पुष्कळ झालं. आता दुसरीकडे हायफायमॅनचा एचई-६, ओहम फक्त ५०, म्हणजे कागदावर गरीब गाय, पण त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्या विजेत किती जोरात वाजतो ते) १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. एचडी ६५० ला जितकी पॉवर लागते त्याच्या साधारण २५ पट याला लागते, मोठे झटके नीट यायचे तर अर्ध्या वॉटच्या आसपास. फोनच्या जॅकला ते झेपत नाही. म्हणून ओहम आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही आकडे बघायचे, आणि सेन्सिटिव्हिटी व्होल्टला दिलीय का मिलिवॉटला ते पण बघायचं, नाहीतर तुलना सगळी चुकते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममधे येतो, तेवढ्याच आवाजाला २५० वाल्याला ३२ वाल्यापेक्षा पावणेतीन पट व्होल्टेज लागतं. तुला फोनवरच ऐकायचं असेल तर ३२ किंवा ८० चा घेतला की ॲम्पचा विषयच मिटतो, पण लोक २५० चा घेतात आणि मग ॲम्प शोधत बसतात.

अजून एक जागा आहे जिथं सोर्समुळे (फोन, लॅपटॉप, ॲम्प) सूर खरंच बदलतो, ती म्हणजे आउटपुट इंपीडन्स, म्हणजे त्याच्या जॅकचा स्वतःचा ओहम. तो हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक अष्टमांश किंवा कमी असावा असा ठोकताळा आहे, म्हणजे ३२ ओहमला ४ पर्यंत ठीक. कानात घालायचे जे बऱ्याच ड्रायव्हरवाले (आत अनेक छोटे स्पीकर असलेले) इअरफोन असतात त्यांचा इंपीडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, तसा इअरफोन जास्त ओहमच्या जॅकला लावलास तर आवाजाचा तोंडवळाच बदलतो. पण तिथं पण बोटभर डाँगल पुरतो, उलट मोठा ताकदवान ॲम्प लावलास तर तसल्या सेन्सिटिव्ह इअरफोनमधे गाणं सुरू व्हायच्या आधीच हिस्स ऐकू येतो. आणि ब्लूटूथवाला हेडफोन असेल तर त्याचा ॲम्प त्याच्या पोटातच असतो, वायरलेस ऐकताना बाहेरच्याचा काही संबंध नाही.

बॅलन्स्डचं विचारलंयस म्हणून एवढंच, ४.४ मिमीच्या जॅकवर व्होल्टेज जास्त मिळतं, बऱ्याचदा दुप्पट. तुला जास्त व्होल्टेज नकोच असेल तर तो नुसता जाडा जॅक.

आता पैसे खर्च करायच्या आधी एक काम कर. हेडफोन उलटा करून पॅड बघ. माझ्या जुन्या बंद (कप मागून झाकलेल्या) हेडफोनचे पॅड चपटे होऊन पापडासारखे झाले होते, त्यांचे काळे कपचे कानाच्या पाळीवर चिकटायचे आणि मी आरशात बघून पुसायचो, पण वर्षभर डोक्यात आलं नाही की बेस गेला तो याच्यामुळेच. बंद हेडफोनमधे पॅड आणि डोकं यांच्यात जरा फट राहिली की खालचा सगळा बेस तिथून निघून जातो. तू चष्मा लावतोस ना, एकदा काढून ऐक, मग हातानं दोन्ही कप हलकेच दाबून ऐक. बेस एकदम आला तर तुला ना ॲम्प लागतोय ना हेडफोन, पॅडची जोडी लागतेय.

पॅड ठीक असतील तर इक्वलायझर (वेगवेगळे सूर वर-खाली करायचं सॉफ्टवेअर) लाव. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. टोचणारी जागा ३ डेसिबल खाली घे, बेस ४ डेसिबल वर, आणि आठवडाभर तसंच ऐक, दर पाच मिनिटाला हात लावू नको. त्यातून तुझी आवड कुठली ते कळेल, आणि पुढचा हेडफोन तिच्या जवळचा घेता येईल. मात्र बेस ४ नं चढवलास तर प्रीॲम्प (त्याच सॉफ्टवेअरमधली एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच उणे ४ करायचा, नाहीतर आवाज फाटतो. आणि गंमत इथंच आहे, असं खाली आणल्यावर एकूण आवाज कमी पडायला लागला तर मी स्वतः म्हणेन की ॲम्प घे, कारण आता तो कशासाठी घेतोयस ते तुला माहीत असेल.

पण आत्ता, काहीच न मोजता, एकच सांग म्हणालास तर हेडफोन. आणि तो ठरल्याशिवाय ॲम्प बघूच नको. पुढचा हेडफोन फोनवर आरामात वाजणारा निघाला तर ॲम्पचे पैसे वाचले, आणि एचई-६ सारखा हट्टी निघाला तर आज घेतलेला छोटा ॲम्प तेव्हा पुरणार नाही, तोही विकावा लागेल. नाचता येईना अंगण वाकडं असं हेडफोनचं चाललेलं असताना अंगणाला फरशी घालून काय होणार?

तर उत्तरात मला तीन गोष्टी कळव. हेडफोनचं मॉडेल, नेहमी ऐकतोस तेव्हा व्हॉल्यूमची पट्टी कुठे असते, आणि कप दाबल्यावर काय झालं.

तुझा,
दादा

ता. क. पट्टी कायम शंभरावर असेल तर ॲम्पच्या आधी कानाचं बघ. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ठीक मानते, त्याच्या वर तास झरझर कमी होत जातात. आणि तो मल्टिमीटर माझ्याकडेच पडून आहे, भाऊ विसरून गेला, हवा असेल तर येऊन घेऊन जा.