लसीचा विषाणू की रोगाचा? मरेक्सच्या डीएनएतील पुनरावृत्तीची खूण

प्रश्न : आमच्याकडे अंड्यांवरच्या कोंबड्यांची शेड आहे. हॅचरीत पहिल्याच दिवशी मरेक्सची (कोंबड्यांना लकवा व गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस टोचलेली असूनही सोळाव्या आठवड्याच्या सुमारास काही पक्षी एक पाय पुढे व एक मागे टाकून बसू लागले. पिसांचे नमुने तपासणीला पाठवताना डॉक्टर म्हणाले, की विषाणूच्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्यावरून तो लसीचा की रोगाचा, हे ओळखता येते. हे कसे शक्य होते? बर्ड फ्लूलाही हीच पद्धत लागू पडेल का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : लस दिलेल्या पक्ष्यात मरेक्सचा विषाणू सापडला, एवढ्यावरून रोगाचे निदान होत नाही. ही लस गाठी आणि मर रोखते, संसर्ग मात्र पूर्णपणे थांबवत नाही. त्यामुळे एकाच पक्ष्यात लसीचा आणि शेडमधला असे दोन्ही विषाणू नांदू शकतात. टर्की पक्ष्याच्या विषाणूपासून केलेली लस मुळातच वेगळ्या जातीची असल्याने ती सहज ओळखू येते. खरी अडचण येते ती नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या रिस्पेन्स लसीच्या बाबतीत, कारण तिच्यातील विषाणू रोगाच्याच विषाणूचा सौम्य भाऊबंद आहे.

मरेक्सच्या विषाणूच्या डीएनएची लांबी सुमारे १ लाख ७५ हजार अक्षरजोड्या (डीएनएच्या दोन धाग्यांवरील समोरासमोरच्या घटकांच्या जोड्या) आहे. त्यात १३२ अक्षरजोड्यांचा एक तुकडा एकापुढे एक असा येतो. रोगकारक विषाणूत तो साधारणपणे दोन किंवा तीन वेळा आढळतो, तर प्रयोगशाळेतील पेशींमध्ये वारंवार वाढवून सौम्य केलेल्या विषाणूत त्याच्या कितीतरी अधिक प्रती दिसतात. जपमाळेचे सारखेच मणी ओढताना मोजणी चुकावी, तशी डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा सारख्या तुकड्यांवर घसरते आणि प्रती कमी-जास्त होतात. पीसीआर तपासणीत, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य नकला करण्याच्या पद्धतीत, एवढाच भाग वाढवून जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) सोडला, की कमी प्रतींची पट्टी खाली उतरते आणि जास्त प्रती असल्या तर वरच्या बाजूला अनेक पट्ट्यांची शिडी दिसते.

मात्र ही खूण म्हणजे रोगाचे कारण नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. प्रती वाढल्या म्हणूनच विषाणू सौम्य झाला, असे आधी वाटत होते. पुढील प्रयोगांत केवळ प्रती वाढल्याने विषाणू सौम्य होत नाही, असे दिसून आले. त्यामुळे रिस्पेन्स लस वेगळी ओळखण्यासाठी आता पीपी३८ या जनुकातील एका अक्षराच्या फरकाचाही आधार घेतला जातो. अहवालात कोणती तपासणी केली आहे, हे आपण जरूर विचारावे.

याच विषाणूच्या डीएनएत टीटीएजीजीजी या सहा अक्षरांचीही पुनरावृत्ती असते आणि कोंबडीच्या गुणसूत्रांची टोकेही नेमक्या याच अक्षरांची बनलेली असतात. या साम्यामुळे विषाणू त्या टोकांमध्ये शिरून पेशीत दडून राहू शकतो. मला या संपूर्ण विषयातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

बर्ड फ्लूचे गणित वेगळे आहे. त्याच्या विषाणूत डीएनए नसून आरएनएचे (डीएनएसारख्याच दुसऱ्या आनुवंशिक रेणूचे) आठ तुकडे असतात आणि ते सर्व मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांचे होतात. मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, विषाणूही आरएनएचाच. एवढ्या आटोपशीर रचनेत लांबलचक पुनरावृत्तीला फारसा वाव नसतो, म्हणून तेथे प्रत्यक्ष जनुकांचा अक्षरक्रमच वाचावा लागतो.

आपल्या शेडपुरते सांगायचे, तर नमुन्यासाठी पिसांची ताजी मुळे योग्य असतात, कारण विषाणू तेथेच तयार होऊन पिसांच्या व कातडीच्या कोंड्यावाटे बाहेर पडतो. त्यासोबत मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून पायाची मज्जातंतूची दोरी जाड झाली आहे का आणि यकृतावर गाठी आहेत का, हेही पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेही विचारणा करता येईल. लसीचे संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात आणि कोंड्यातील विषाणू शेडमध्ये महिनोन्महिने टिकतो. म्हणून पुढची बॅच आणण्यापूर्वी जुने तूस व पिसांची धूळ पूर्णपणे काढावी आणि पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून दूर ठेवावीत.