स्वस्त कच्चा माल शोधायला केमिस्ट कशाला?

प्रश्न : मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रेझिन कंपनीच्या खरेदी विभागात ट्रेनी म्हणून संधी आहे. काम कच्च्या मालाचे स्वस्त पर्याय शोधण्याचं. बाबा म्हणतात, केमिस्ट्री शिकून भावच करत बसणार का?

उत्तर : भाव करायला केमिस्ट लागत नाही, हे बाबांचं खरं. पण दोन कोटेशनांतलं स्वस्त कोणतं, हे केमिस्टशिवाय कळत नाही.

फिनॉलिक रेझिनचंच घे, ते फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनतं. फॉर्मल्डिहाइड ३७ टक्के फॉर्मेलिनमधून (त्याचं पाण्यातलं द्रावण) घालता येतं किंवा ९२ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमधून (त्याचंच घन रूप, थोडक्यात पॅरा). किलोच्या भावात फॉर्मेलिन स्वस्त दिसतं. पण १०० किलो पॅराचं काम करायला ते सुमारे २४९ किलो लागतं. वरचं दीडशे किलो, म्हणजे बहुतेक पाणीच, व्हॅक्यूमखाली काढायचं. वाफ जळते, रिॲक्टर अडकून पडतो, फिनॉलमिश्रित सांडपाणी वाढतं. मग सरळ पॅराच घ्यावं? तेही नाही. हेच पाणी रिॲक्शनची उष्णता पोटात घेत असतं. पॅरा एकदम ओतलं तर तापमान हाताबाहेर जातं. ते थोडं थोडं, कूलिंग चालू ठेवूनच घालावं लागतं.

अल्किडमध्ये, म्हणजे रंगांसाठीच्या तेलयुक्त रेझिनमध्ये, गफलत वेगळी. ग्लिसरीनऐवजी पेंटाएरिथ्रिटॉल घ्यायचं, तर इक्विव्हॅलंट वजनाने (एका हायड्रॉक्सिलमागचं वजन, ३०.७ आणि ३४) १०० किलोला १११ किलो बसतं. कागदावर हिशोब चोख. केटलमध्ये (रेझिन शिजवायच्या भांड्यात) मात्र ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या आम्लाचं माप, अजून बरीच वर असतानाच व्हिस्कॉसिटी चढते, ढवळणीच्या मोटरचे अँपिअर वाढतात आणि बॅच जेल होते. कारण पेंटाला तीनऐवजी चार हायड्रॉक्सिल, म्हणजे जोडणीच्या जागा. सोबत थोडं ग्लायकॉल घालायचं किंवा तेलाचं प्रमाण वाढवायचं. टेक्निकल ग्रेडच्या पेंटात डायपेंटा (दोन पेंटा जोडून झालेला रेणू) असतं, त्याला सहा. तिथे आणखी जपून.

म्हणून नोकरी घे, पण आधी दोन गोष्टी विचार. नवा माल नापास करण्याचा अधिकार लॅबला आहे का? आणि पहिले सहा महिने तुला लॅबमध्ये बसवतील का? तिथे ॲसिड व्हॅल्यू आणि हायड्रॉक्सिल व्हॅल्यूचं टायट्रेशन स्वतःच्या हाताने कर. पुरवठादाराचं सर्टिफिकेट नुसतं फाइलला लावू नकोस, पडताळ. नमुना आधी फ्लास्कमध्ये, मग छोट्या पायलट प्लांटवर, मग प्लांटच्या एकाच बॅचमध्ये. आणि निदान तीन वेगवेगळे लॉट तपासल्याशिवाय होकार नाही, कारण पहिला नमुना निवडूनच पाठवलेला असतो. दोन्ही उत्तरं नकारार्थी आली, तर बाबांचं ऐक.